तांबओढ्याच्या दोन शाळा

“बाई, पाण्याचा माठ कुठाय?”

पहिलीतली एक पोर माझ्यासमोर येऊन उभी होती. मी वाघजाईवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत सहा पानी तक्ता मांडीवर घेऊन बसले होते आणि नेमकी ‘पिण्याच्या पाण्याची सोय’ याच रकान्यापाशी आले होते. माठ दारामागं होता. मला शाळेत येऊन वीस मिनिटं झाली होती, तरी मला तो दिसला होता. ही पोर जूनपासून शाळेत होती आणि आता जानेवारी संपत आला होता.

“ही तुझीच शाळा ना?” मी विचारलं.

“हो.”

“मग माठ कुठं ते मला विचारतेस?”

तिनं काळोखे गुरुजींकडं बघितलं. गुरुजी खडूचा डबा उघडून आत खडू आहेत की नाहीत ते फार बारकाईनं तपासायला लागले. “बुजलीय जरा ती,” ते डब्यातच बघत म्हणाले. “दारामागं आहे गं बाळ.”

मी रकान्यात पाचपैकी चार गुण घातले आणि पुढं सरकले. या गोष्टीला दहा-बारा वर्षं झाली. आता मी निवृत्त होऊन घरी बसलेय, पण तेव्हा मी केंद्रप्रमुख होते, म्हणजे आसपासच्या चौदा शाळांवर देखरेख करणारी बाई, आणि त्या महिन्यात माझं डोकं नुसतं पिकून गेलं होतं. तालुक्यात कुणाच्या तरी मनात आलं होतं की जवळजवळच्या कमी पटाच्या शाळांची जोडीजोडीनं तुलना करायची आणि जोडीतली जी कमी भरेल ती दुसरीत मिसळून टाकायची. मिसळायची म्हणजे बंद करायची, पण तसं कागदावर कुणी लिहीत नव्हतं. तुलनेसाठी शंभर गुणांचा तक्ता छापून आला होता. त्यात ‘परसबागेतील भाज्यांचे प्रकार’ याला तीन गुण होते आणि ‘विद्यार्थ्यांना वाचता येते काय’ यालाही तीनच. मी हे गटशिक्षणाधिकारी शेवाळे साहेबांना दाखवलं तर ते म्हणाले, “बाबर मॅडम, तक्ता मी केलेला नाही. तुम्ही फक्त भरा.”

माझ्या वाट्याला आलेली जोडी म्हणजे वाघजाईवाडी आणि करंजटेप. दोन्ही वाड्यांच्या मधून तांबओढा वाहतो. वाघजाईवाडी अलीकडं, डांबरी सडकेला लागून. करंजटेप पलीकडं, टेपावर म्हणजे उंचवट्यावर, सगळी धनगरांची घरं. अलीकडच्या शाळेत सोळा पोरं, पलीकडच्या शाळेत चौदा. दोन्हीकडं पहिली ते चौथी आणि दोन्हीकडं एकेकच शिक्षक. एका माणसानं एका खोलीत चार वर्ग सांभाळायचे म्हणजे काय, ते ज्यानं सांभाळलेत त्यालाच कळतं. मी नऊ वर्षं सांभाळले होते. त्यामुळं अशा शाळेत गेल्यावर मला फार अपेक्षा नसायच्या.

म्हणूनच दुसरीतल्या एका पोरानं घडाघडा धडा वाचून दाखवला तेव्हा मी चष्मा काढून त्याच्याकडं बघितलं. बोट न ठेवता, न अडखळता, जिथं थांबायचं तिथं थांबून वाचत होता.

“कोण शिकवतं रे तुला वाचायला?”

“येडगे बाई.”

येडगे बाई करंजटेपच्या शिक्षिका. मी काळोखे गुरुजींकडं मान वळवली.

“मागं एकदा आल्या होत्या, गाणं शिकवायला,” गुरुजी म्हणाले. “तेवढंच धरून बसलाय तो.”

गुरुजींची तेव्हा पन्नाशी उलटली होती. चांगला माणूस, पण खोटं बोलायची सवय नव्हती बिचाऱ्याला. कपाळावर घाम आला होता, जानेवारीत. तक्त्यात पुढचा रकाना होता, ‘वर्गनिहाय भिंतीवरील तक्ते’. भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा, अपूर्णांक, तीसपर्यंतचे पाढे, पाण्याचं चक्र, असं सगळं मोठ्या पोरांचं. पहिली-दुसरीसाठी एक अक्षरसुद्धा नाही. “लहान पोरांनी बघायचं काय, गुरुजी?” मी चिडून विचारलं आणि तिथं शून्य घातलं. गुरुजींनी ते शून्य वाकून बघितलं आणि मान डोलावली, जणू मी त्यांच्या मनासारखंच केलं होतं. त्याचा मला अजून राग आला.

दुसऱ्या दिवशी सडकेनं गाडी पुलापर्यंत नेऊन, मग कच्च्या रस्त्यानं हाडं खिळखिळी करून घेत मी करंजटेपला पोहोचले. ओढ्यातून चालत गेले असते तर पाऊण किलोमीटर, पुलावरून फिरून नऊ. शाळा झाडून-सारवून आरशासारखी ठेवलेली. येडगे बाई तिशी-पस्तिशीच्या, अंगानं बारीक, आवाज मात्र खणखणीत. त्या स्वतःही धनगराघरच्या, त्यामुळं टेपावर त्यांना कुणी परकं मानत नव्हतं.

इथं सगळं उलटं होतं. भिंतीवर अक्षरं, फळं, प्राणी, एक ते शंभर. चौथीच्या पोरांसाठी एकही कागद नाही. चौथीची पोरं बसली होती ती इतक्या बुटक्या बाकांवर की गुडघे हनुवटीला लागत होते. त्यातल्या एकाला मी भागाकार घातला. त्यानं तो पाटीवर न मांडता तोंडी केला. उत्तर बरोबर होतं.

“कचरा कुठं टाकायचा तुमच्या शाळेत?” मी त्याला सहज विचारलं. तसा रकाना होता म्हणून.

पोरगं इकडंतिकडं बघायला लागलं. पहिलीतल्या एका चिमुरडीला त्याची दया आली असावी. तिनं उठून त्याचा हात धरला आणि कोपऱ्यातला डबा नेऊन दाखवला.

“येडगे बाई,” मी म्हटलं, “तुमच्या चौथीच्या पोरांना कचऱ्याचा डबा माहीत नाही. आणि पलीकडं पहिलीच्या पोरांना पाण्याचा माठ माहीत नाही. मला काही सांगायचंय का तुम्हाला?”

“न्हाई मॅडम,” त्या म्हणाल्या. “चहा घेता का?”

चहा घेतला. चहा उत्तम होता. त्यानंही माझा राग गेला नाही.

रात्री घरी बेरीज केली तर वाघजाईवाडीला एकाहत्तर गुण आणि करंजटेपलाही एकाहत्तर. परत केली, तरी तेच. म्हणजे तक्ता भरून मी होते तिथंच होते, आणि वर या दोघांनी मला मूर्ख बनवलं होतं एवढं नक्की. कसं, ते कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मला खरं तर तालुक्याला बैठकीला जायचं होतं. मी बैठक सोडली, सकाळी दहाच्या आत गाडी वाघजाईवाडीच्या फाट्यावर लावली आणि कुणाला न सांगता ओढ्याकडं उतरले.

ओढा कोरडा पडला होता. मधोमध घोट्याएवढी एक धार आणि तिच्यात पाय ठेवायला मांडलेले सपाट दगड. मी करवंदीच्या जाळीआड उभी राहिले. या वयात लपून बसायची वेळ आली म्हणून स्वतःवरच चरफडत होते.

अलीकडून काळोखे गुरुजी आले. त्यांच्यामागं रांगेनं वाघजाईवाडीची सात-आठ लहान पोरं, एकमेकांच्या दप्तराचा बंद धरून. पलीकडून येडगे बाई उतरल्या, त्यांच्यामागं करंजटेपची तेवढीच मोठी पोरं. दोन्ही रांगा धारेच्या मध्यावर एकमेकींसमोर आल्या. लहानांना आधी जाऊ द्यायचं अशी रीत असावी, कारण मोठी पोरं आपोआप बाजूला झाली. मग गुरुजींनी आपली लहान पोरं येडगे बाईंच्या हवाली केली आणि येडगे बाईंनी आपली मोठी पोरं गुरुजींच्या. दोघांनी मोठ्यानं मोजली. “आठ,” गुरुजी म्हणाले. “सात,” बाई म्हणाल्या. आणि दोघंही वळून आपापल्या शाळेकडं निघाले.

मी जाळीतून बाहेर आले. माझा पदर काट्यात अडकला होता, तो ओढून काढताना फाटला.

“थांबा,” मी म्हटलं.

दोन्ही रांगा थांबल्या. पोरांनी मला ओळखून “नमस्ते बाई” असा सूर लावला. गुरुजींचं तोंड उतरलं. येडगे बाई मात्र पोरांना म्हणाल्या, “जावा शाळेत, नीट जावा, मी आलेच,” आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“किती दिवस चाललंय हे?”

“चार वर्षं,” गुरुजी म्हणाले.

“चार वर्षं. आणि मी दरमहा येते तेव्हा?”

“तुम्ही कळवून येता की मॅडम. त्या दिवशी ज्याची पोरं त्याच्या शाळेत बसवतो.”

दर महिन्याला ही माणसं माझ्यासाठी पोरांची वाटणी बदलत होती आणि मी वहीत शेरे लिहीत होते. “अहो पण कशासाठी?”

गुरुजी खाली बसले, एका दगडावर. “मॅडम, मी चार वर्ग एकट्यानं शिकवत होतो तेव्हा शिकवत नव्हतो. एकाला गिरवायला लावायचं, दुसऱ्याला गप्प बसवायचं, तिसऱ्याला पाढे म्हणायला लावायचे. चौथ्याकडं वळेपर्यंत घंटा. मग आम्ही दोघांनी वाटून घेतलं. पहिली-दुसरी सगळी बाईंकडं. तिसरी-चौथी सगळी माझ्याकडं. दोनच वर्ग. शिकवता येतं हो दोन वर्गांना.”

“आणि पावसाळ्यात?”

“पावसाळ्यात न्हाई,” येडगे बाई म्हणाल्या. “जूनपासनं दिवाळीपातुर ओढ्याला पाणी असतंय. मोठा माणूस उतरत न्हाई. तवा ज्याची पोरं त्याच्याकडं, चारी वर्ग. मी टेपावरच राहते, शाळेच्या मागच्या खोलीत. दिवाळी झाली की पुन्हा असं. तक्ते, बाकं, माठ, डबे, सगळ्यांच्या जागा तवाच बदलतो.”

मला ते वाचणारं पोरगं आठवलं, तो तोंडी भागाकार आठवला. राग अजून होताच, पण त्याच्या बुडाशी दुसरंच काहीतरी हलायला लागलं होतं. चौदा शाळा फिरत होते मी. परसबागा मोजत होते, भिंती मोजत होते. आणि इथं कुणी न सांगता, कुणाची परवानगी न घेता दोघांनी पोरं शिकतील अशी शाळा उभी केली होती आणि ती माझ्यापासूनच लपवली होती. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि अभिमान वाटतोय म्हणून पुन्हा चीड आली.

“मॅडम, हे कुठं लिहू नका,” येडगे बाई म्हणाल्या.

“का?”

“लिहिलंत तर…”

“अहो, तुमच्या नोकरीला कुणी हात लावत नाही. मी आहे ना. कसं मांडायचं ते मला कळतं.”

“नोकरीचं न्हाई वो मॅडम, आमचं म्हणणं…”

“येडगे बाई, सव्वीस वर्षं नोकरी केलीय मी. काय लिहायचं आणि काय नाही ते मला शिकवू नका. जा, तिकडं पंधरा पोरं एकटी आहेत.”

त्या गेल्या. गुरुजीही उठले. मी फाटलेला पदर खोचून फाट्याकडं निघाले आणि वाटेतच मनात वाक्यं जुळवायला लागले.

शेवाळे साहेबांसमोर तक्ते ठेवले तेव्हा त्यांनी आधी शेवटचं पान उघडलं. “एकाहत्तर आणि एकाहत्तर,” ते म्हणाले. “मॅडम, तुलना म्हणतात ती अशी नसते.”

“साहेब, आली ती बेरीज आहे.”

“मग कुठंतरी एक गुण कमी करा. परसबागेत करा.”

“कुठल्या?”

“कुठल्याही.”

त्या एका शब्दावर माझा तोल गेला. मी त्यांना सगळं सांगितलं. दोन रांगा, मधली धार, दोघांनी मोठ्यानं मोजलेली पोरं. म्हटलं, साहेब, या दोन शाळा नाहीतच, ही एक शाळा आहे आणि तालुक्यातली सगळ्यात चांगली शाळा आहे, कमी गुण कुणाचे करू? साहेब तसे मनानं वाईट नव्हते. त्यांनी पेन खाली ठेवून ऐकलं. चहा मागवला.

“हे लिहून द्या,” ते म्हणाले. “नवोपक्रम म्हणून. जिल्ह्याची स्पर्धा आहे, दोन पानांत बसवा. मी ते या तक्त्यांनाही जोडतो. असं काही वर गेलं तर शाळांना कोण हात लावतंय?”

मलाही तसंच वाटलं. खरं सांगायचं तर मला त्याहून जास्त वाटलं. जिल्ह्याच्या सभागृहात आपण उभ्या आहोत आणि हा उपक्रम आपल्या केंद्रातला आहे असं सांगतोय, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं होतं. मी तो अहवाल तीनदा लिहिला. पहिला पाच पानांचा झाला, दुसरा तीन. तिसऱ्यांदा काटछाट करून दोन पानांत बसवला. इतकं चांगलं मी आयुष्यात दुसरं काही लिहिलं नाही.

एप्रिलमध्ये प्रमाणपत्रं आली. उत्तेजनार्थ. एक काळोखे गुरुजींना, एक येडगे बाईंना आणि एक मला, मार्गदर्शक म्हणून. मी दोघांना फोन केला. गुरुजी “बरं झालं” म्हणाले. येडगे बाई एवढंच म्हणाल्या, “म्हंजे लिहिलंत तर.” मला ते लागलं. माणसाचं कौतुक करायला जावं तर हे असं, असं मी घरी येऊन यजमानांना चार वेळा सांगितलं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आदेश आला. करंजटेपची शाळा वाघजाईवाडीच्या शाळेत मिसळली होती. आदेश शिक्षकाच्या हाती देऊन पोच घ्यायची ती केंद्रप्रमुखानं. मी तालुक्याच्या व्हरांड्यातच तो वाचला आणि तसाच उभ्या उभ्या पुन्हा वाचला. मग साहेबांच्या खोलीत गेले. साहेबांनी माझ्याकडं न बघता हात वर केले. “मॅडम, वरून आलंय. माझ्या हातात काही नाही.”

करंजटेपला येडगे बाई शाळेच्या ओट्यावर बसून निकालपत्रं लिहीत होत्या. शेजारी शाळा समितीचे अध्यक्ष ज्ञानू झोरे बसले होते, डोक्याला लाल मुंडासं, हातात काठी. मी आदेश बाईंच्या हातात दिला. त्या मोठ्यानं वाचायला लागल्या, कारण ज्ञानू झोऱ्यांना वाचता येत नव्हतं.

“‘केंद्रप्रमुखांच्या अहवालानुसार, करंजटेप येथील विद्यार्थी मधील ओढा दररोज आनंदाने व सुरक्षितपणे पायी ओलांडून वाघजाईवाडी शाळेत जातात व दोन्ही वाड्यांत जाण्यायेण्याचा उत्तम सराव निर्माण झाला आहे. सबब दोन स्वतंत्र शाळांची आवश्यकता…’”

त्या थांबल्या. ते वाक्य माझं होतं. शब्द न शब्द माझा, आनंदानेसुद्धा.

“बाई,” ज्ञानू झोरे मला म्हणाले, “आनि पावसाळ्यात वो? त्ये न्हाई का कागदात?”

पहिल्या पाच पानांत ते होतं. एक अख्खा परिच्छेद होता, जून ते दिवाळी, पुराचं पाणी, पुलावरून नऊ किलोमीटर, चारी वर्ग पुन्हा ज्याच्या त्याच्या शाळेत. तीन पानांत त्याचं एक वाक्य झालं. आणि दोन पानांत बसवताना मी ते वाक्यही काढून टाकलं होतं. उपक्रम चार-पाच महिने बंद असतो असं दिसलं तर परीक्षकांवर छाप पडणार नाही, असं मला वाटलं होतं. जागा नव्हती म्हणून काढलं असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होते, पण खरं कारण हे होतं.

“नाही,” मी म्हटलं. “माझ्याकडून राहिलं.”

“ऱ्हायलं,” ज्ञानू झोरे म्हणाले. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ते काठी टेकत उठले आणि उतारावर बांधलेल्या मेंढरांकडं निघून गेले.

येडगे बाईंनी पोचेवर सही केली. “ओढ्यावर मी हेच सांगत होते मॅडम,” त्या म्हणाल्या. “पोरं ओढा वलांडत्यात म्हणून कळलं की शाळा जाईल. तुम्ही म्हणालात नोकरीचं. आमच्या नोकरीचं काय हो. नोकरी आम्हाला कुठंबी मिळतीय.”

मी दुसऱ्या दिवसापासून अर्ज करायला सुरुवात केली. तालुक्याला तीन, जिल्ह्याला चार. सगळ्यांत तोच परिच्छेद, आता पूर्ण, पुराच्या पाण्यासकट. एकाचं उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं की आपण यापूर्वी सादर केलेल्या अहवालाशी आपला सध्याचा अर्ज विसंगत आहे. अहवाल माझा आणि अर्जही माझा. खोटं कुठलं ते त्यांनी मलाच ठरवायला सांगितलं होतं. मी तो कागद हातात घेऊन स्वयंपाकघरात इतकी आरडाओरड केली की शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली.

जून लागला. येडगे बाईंना वाघजाईवाडीला हजर व्हावं लागलं. टेपावरची मागची खोली शाळेबरोबर कुलूपबंद झाली. जुलैच्या मध्यावर मी महिन्याच्या भेटीला गेले तेव्हा ओढ्याचा आवाज सडकेवरच येत होता. तांबडं पाणी काठाच्या करवंदीपर्यंत चढलं होतं, झाडाच्या फांद्या वाहून नेत होतं. पलीकडं टेप धुक्यात होता, नीट दिसत नव्हता.

शाळेत हजेरी चालली होती. मी दारातच चप्पल काढत थांबले. खोलीत सोळा पोरं होती, मी मोजली. काळोखे गुरुजी मागं दुसऱ्या वर्गाची पुस्तकं लावत होते आणि येडगे बाई टेबलाशी उभ्या राहून नावं घेत होत्या.

“रोहन पांडुरंग बनसोडे.”

“हजर बाई.”

“बिराप्पा ज्ञानू झोरे.”

खिडकीशी बसलेल्या एका मुलीनं हात वर केला. “हजर बाई.”

“मायाक्का सिदू झोरे.”

“हजर बाई,” दुसरं एक पोरगं म्हणालं.

टेपावरची चौदाही नावं झाली. प्रत्येक नावाला कुणीतरी एक पोर हात वर करून उत्तर देत होतं. हसत नव्हतं कुणी. कुणाचा वाटा कुठला हे त्यांचं पक्कं ठरलेलं असावं, कारण कुठंही गोंधळ झाला नाही. बाईंनी प्रत्येक नावापुढं हजेरीची खूण केली, वही मिटली आणि मग त्यांना मी दिसले.

त्यांनी पोरांना वाचायला लावलं आणि हजेरीपट माझ्यासमोर आणून ठेवला. महिनाभराचे रकाने भरलेले होते. तीसच्या तीस हजर, रोज.

“हे काय आहे येडगे बाई?”

“पट, मॅडम.”

“सोळा पोरं आहेत खोलीत.”

“व्हय.”

“मग ही चौदा?”

“टेपावर हायती.” त्यांचा आवाज खाली आला होता, पण डोळे माझ्यावरून हलले नाहीत. “महिनाभर गैरहजर लावली की नावं शाळाबाह्यच्या यादीत जात्यात. एकदा तिकडं गेली की बाप म्हणणार, शाळा तर सुटलीच. पोरगं मेंढरामागं, पोरगी लगनाला. दिवाळीपातुर नाव तेवढं पटावर राहू द्या. दिवाळी झाली की मी येते ओढ्यावर आणि एकेकाला आणते. येत्यात ती.”

काळोखे गुरुजी मागं उभे होते, हातात पुस्तकांचा गठ्ठा तसाच.

मी वही जवळ ओढली. शाळाभेटीच्या दिवशी केंद्रप्रमुखानं पट मोजायचा, डोकी मोजायची आणि दोन्ही जुळली तर खाली सही करायची, असा नियम होता. केंद्रप्रमुख झाल्यापासून शाळा शाळा हिंडून मी कितीतरी शिक्षकांना याच वहीवरून फाडून खाल्लं होतं. पलीकडून पाण्याचा घुमारा येत होता आणि दुसरीतलं ते पोरगं, आता तिसरीत गेलेलं, मोठ्यानं धडा वाचत होतं.

“मॅडम,” येडगे बाई म्हणाल्या, “गैरहजर लावू?”

मी पेन उघडलं. ‘पट तीस, उपस्थिती तीस, प्रत्यक्ष मोजली,’ असं लिहिलं, खाली सही केली आणि तारीख घातली.